ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर

मे संपत आला की माझ्या दुकानात रोज एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, पोरगं बाहेर शिकायला चाललंय, काय काय कागद लागत्यात?" आणि मी पाठ झाल्यासारखी सांगत सुटते, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, जातपडताळणी, आधार, पासबुक, फोटो आठ. कोरेगाव तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवते मी, अकरा वर्षं झाली, त्यामुळं यादी द्यायला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, एका घराचं असं काही झालं की कळलं आपल्या यादीत एक गोष्टच नाहीये, आणि वर ती गोष्ट दरवर्षी आपणच चुकीची करून ठेवतोय. म्हणून हे एकच प्रकरण सगळं लिहून काढतेय. घरच्यांना विचारलंय. नावं नका घालू म्हणाले, गाव पण नको. ठीक आहे, नाही घालत.

घर असं. बाप शेतकरी, साडेतीन एकर, त्यात एकरभर आलं, बाकी घेवडा आणि सोयाबीन. आमच्या तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी त्यांना एकदा कौतुकानं सांगितलं तर म्हणाले, "मग आडत्याला सांगा की." आई अंगणवाडीत मदतनीस. आज्जी. दोन म्हशी, त्यातल्या एकीचं नाव चंद्री, ते लक्षात ठेवा पुढं लागणार आहे. मोठी पोरगी बारावी सायन्स, इंजिनिअरिंगच्या सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, ९६ च्या वर पर्सेंटाईल. धाकटा आठवी संपवून नववीत गेलेला.

शिकायला घर सोडून जाणारं या घरातलं आधीचं माणूस म्हणजे एकटे आजोबा. ते रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहिलेले, कमवा आणि शिका मधनं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला काले गावात संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, तेव्हापासून आमच्या भागात जरा वय झालेल्या दर दुसऱ्या घरात असा एकतरी आजोबा किंवा पणजोबा सापडतोच. आज्जी सांगत होती, "सासूबाई म्हणायच्या, म्हयन्यातनं एक कार्ड यायचं. खुशाल हाय, काळजी नसावी. बास. पोरगं जेवलं का उपाशी हाय कोण इचारतंय, आन इचारलं तरी कळणार कसं."

जून

कागदांच्या बाबतीत हे घर माझ्या गिऱ्हाइकांत पहिल्या नंबरचं. दादांनी, म्हणजे पोरीच्या वडिलांनी, दहावीपासूनच एक प्लास्टिकची फाईल केलेली, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. पोरगी ओबीसीतनं. जातपडताळणी अकरावीलाच टाकलेली, त्यामुळं प्रमाणपत्र हातात होतं. हे मुद्दाम सांगते कारण बाकी सगळे दाखले दोन-तीन आठवड्यांत निघतात, पडताळणीचं तसं नसतं, ती समितीकडनं येते आणि बारावीच्या निकालानंतर जागे झालेले आईबाप नुसती पावती घेऊन पळत असतात. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चपर्यंतची आहे का तेवढी बघितली. मुलींच्या फी माफीचं पण बोलणं झालं. जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मधल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांना कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतनं, व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळालं तर शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, आधी ती निम्मी होती. लोकांना वाटतं सगळंच माफ. तसं नाही, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, जेवणखाण हे आपल्याच खिशातनं. दादांनी ते वहीत लिहून घेतलं, बेरीज मारली, आणि थोडा वेळ गप्प बसले.

आता खरी गोष्ट. हे सगळं चाललं होतं तेव्हा पोरगी कुठं होती? माझ्या दुकानातच, मागच्या स्टुलावर, मोबाईलमध्ये तोंड घालून. फॉर्म तिचा, काउंटरला दादा. मी विचारायचे मोबाईल नंबर, दादा सांगायचे. ई-मेल विचारला की दादा माझ्याकडं बघायचे, मग तो मीच काढून दिला आणि पासवर्ड दादांच्या वहीत. सीईटीचा लॉगिन, महाडीबीटीचा म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या साईटचा लॉगिन, बँक खातं, आधार, सगळ्याला एकच नंबर, दादांचा. धाकट्याच्या आधारला पण तोच, वहिनींच्या, म्हणजे पोरीच्या आईच्या, आधारला पण तोच, आज्जीच्या रेशनला पण तोच. पोरीकडनं आम्हाला फक्त एक गोष्ट लागली, सही. तर सही कशी करायची तेच तिला माहीत नव्हतं. तीन फॉर्मवर तीन तऱ्हेच्या सह्या झाल्या, एकावर तर शाळेच्या वहीवर लिहितात तसं पूर्ण नाव गोल गोल अक्षरात, आडनावासकट. मी हसले. आता वाटतं हसायला नको होतं, तिथंच थांबायला पाहिजे होतं.

आणि हो, ही सवय आम्हीच लावलीय लोकांना. समोर जो उभा असतो त्याचा नंबर टाकायचा आणि पुढचं टोकन घ्यायचं. ओटीपी आला की लगेच सांगणारं माणूस समोर असलं की काम पाच मिनिटात होतं. मी पण तेच करत आले.

ऑप्शन फॉर्म

कॅपच्या ऑप्शन फॉर्मवरनं एक भांडण झालं तेही सांगायला पाहिजे. कॉलेजांची पसंती एकापाठोपाठ एक भरायची असते, हे सगळ्यांना माहितीय. बऱ्याच जणांना काय माहीत नसतं, तर पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होतं, मग पुढच्या राऊंडला जाता येत नाही. २०२५ ला तर राऊंड चार केले आणि नियम पण आवळला, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी लागलं तरी बंधनकारक, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे पसंतीचा क्रम अंदाजे ठोकून चालतच नाही, वरती तेच लिहायचं जे मिळालं तर डोळे झाकून घेऊ.

दादांनी घरी रात्री बसून यादी केली. एक नंबरला कराडचं शासकीय, दोनला सांगलीचं वालचंद, मग पुणं. कॉलेजं दोन्ही चांगलीच आहेत, जुनी आहेत, वालचंद तर १९४७ चं, त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. पण यादी कशी लावलीय ते बघितल्याबरोबर कळत होतं, एसटीच्या अंतरानं लावलेली होती. कोरेगावपासनं जवळचं आधी. मी कन्फर्म करायच्या आधी प्रिंट काढली, आणि का कुणास ठाऊक, ती दादांच्या हातात न देता मागं स्टुलावर बसलेल्या पोरीला दिली. म्हणलं वाच.

तिनं वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "पप्पा, हे कुणाचंय?"

"तुझंच की."

"मला पुण्याचं पहिलं पाहिजे हे मी मम्मीला सांगितलं होतं."

"मम्मीनं मला काय सांगितलं न्हाय," दादा म्हणाले. वहिनींनी सांगितलं होतं, मला पक्कं माहितीय, त्यांनी मला पण सांगितलं होतं. मग दुकानात इतर चार गिऱ्हाइकांसमोर बापलेकीचं जरा वर गेलं, कराडला काय वाईट आहे, घरचा डबा पोचवता येईल, पुण्यात खोली मिळत नाही, असलं सगळं. शेवटी दादा म्हणाले, "भर तुला काय भरायचं ते," आणि बाहेर जाऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले. तेवढ्या पाऊण तासात पोरगी पहिल्यांदा काउंटरच्या पुढच्या खुर्चीत बसली आणि तिनं स्वतः क्रम लावला. कन्फर्म करायला ओटीपी लागला. तो आला दादांच्या मोबाईलवर. मी उठून बाहेर गेले, दादांनी मोबाईल पुढं केला, तोंडातनं शब्द नाही.

पुण्याचंच लागलं, दुसऱ्या राऊंडला, ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. कोणतं कॉलेज ते राहू दे.

सामान

सामानाबद्दल फार लिहीत नाही, ते प्रत्येक घरात सारखंच असतं. शेंगदाण्याची चटणी दोन किलो, काळा मसाला, चादरी, बादली, मग, कुलपं दोन, औषधांचा डबा. वहिनींनी तिला महिनाभर भाकऱ्या करायला लावल्या, होस्टेलला गॅस लावायला परवानगी नाही हे माहीत असून. मी म्हणलं कशाला, तर म्हणाल्या, "असूदे ओ, हाताला वळण राहतंय." पोरीला जाताना भाकरी येत होती. बँकेत स्लिप भरायला येत नव्हती.

ॲडमिशनच्या वेळी अँटी रॅगिंगचं हमीपत्र ऑनलाईन भरावं लागतं, विद्यार्थ्याचं पण आणि पालकाचं पण, आणि ते दरवर्षी. त्यात पालकाचा ई-मेल मागतात. दादांना ई-मेल नव्हता तर तो पोरीनं काढून दिला, आणि मजा बघा, त्याला तिनं नंबर टाकला स्वतःचा, कारण मोबाईल तिच्या हातात होता. हमीपत्र भरून झालं तेव्हा हेल्पलाईनचा नंबर, १८००-१८०-५५२२, मी दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह करून दिला, तिच्या एकटीच्या नाही.

त्याच दिवशी मी दादांना म्हणलं होतं, दादा तिच्या आधारला तिचा नंबर टाकून घ्या, आणि बोटांचे ठसे पण अपडेट करून घ्या, पंधरा वर्षं झाली की करावंच लागतं, सतरा व्हायच्या आत केलं असतं तर फुकटात झालं असतं. पोस्टात होतंय, अर्ध्या दिवसाचं काम. दादांचं उत्तर असं, "तिचं सिमकार्ड बी माझ्याच नावावर हाय. मग नंबर तिचा काय आन माझा काय." हे खरं होतं. अठराच्या आतल्या पोराच्या नावावर सिम देत नाहीत, आमच्याकडं सगळ्या पोरांची सिमं बापाच्या नावावर असतात. मग हळूच म्हणाले, "आन माझ्याकडं असला म्हंजे कळतं तरी, काय चाललंय."

मी पुढं काही बोलले नाही. रांग होती मागं.

गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिघं निघाली, सातारा स्टँडवरनं स्वारगेटची गाडी. मायलेकीचं हाफ तिकीट आणि बापाचं फुल्ल, कंडक्टर म्हणाला म्हणे, "सामानाचं पण हाफ लावू का?" येताना दोघंच.

चंद्री

सप्टेंबरचा मधला आठवडा. घेवड्याची काढणी चाललेली. पोरगी पुण्यात कॉलेजच्या ऑफिसमध्ये, शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरून त्याची प्रिंट द्यायची होती, संध्याकाळी पाचला खिडकी बंद. आधारचा ओटीपी लागतो तिथं. तो दहा मिनिटं चालतो. तिच्या मोबाईलची बॅटरी गेलेली, म्हणून तिनं मैत्रिणीच्या मोबाईलवरनं बापाला फोन लावला.

आता दादा काय बघतात, अनोळखी नंबर, आणि फोन उचलल्याबरोबर मुलीचा आवाज, मागनं गलका, "पप्पा, एक ओटीपी आलाय बघा, पटकन सांगा." त्या वर्षी ती सायबर फसवणुकीची कॉलर ट्यून महिनोन्महिने फोन लावला की वाजायची, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून, सगळ्यांची पाठ झाली होती. आणि शेजारच्याच गावात एकाला असंच, पोरगा पोलिसांनी धरलाय म्हणून फोन आलेला. दादांनी विचारलं, "तू कोण बोलतीयस?"

"मीच आहे पप्पा!"

"मग घरातल्या म्हशीचं नाव सांग."

ऑफिसच्या रांगेत उभं राहून, मागं पंचवीस पोरं, ती ओरडली, "चंद्री! चंद्री पप्पा! सांगा आता!" सगळी रांग हसली. पुढचे आठ दिवस वर्गात तिला चंद्री म्हणत होते, हे तिनं मला नंतर सांगितलं, हसतच सांगितलं पण त्या दिवशी हसू आलं नसणार.

ओळख पटली, पण पुढं काय, दादांना चालू फोनमध्ये मेसेज बघता येत नाही. फोन ठेवून मेसेज उघडला, चष्मा घरी, हात मातीचे, स्क्रीन बोटाला दाद देईना. धाकट्याला हाक मारली, तो शाळेतनं यायचा होता. आकडे वाचून परत फोन लावला तोवर दहा मिनिटं गेली. दुसरा ओटीपी मागवला, तो बांधावर रेंज नसल्यानं उशिरा आला. तिसऱ्याला खिडकी बंद. काम झालं दुसऱ्या दिवशी, तेवढ्यासाठी तिचं एक प्रॅक्टिकल बुडालं. मोठं नुकसान काही नाही. पण सतरा वर्षांची पोरगी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर उभी आहे, तिचा फॉर्म, तिचं आधार, आणि किल्ली घेवड्याच्या वाफ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

मेसेज यायचे बंद झाले

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दादा दुकानात आले. मोबाईल पुढं ठेवला. "ताई, ह्यो बिघडलाय का बघा. मेसेज यायचं बंद झालंय."

मी बघितलं, मेसेज येत होते, कंपनीचे, रिचार्जचे, सोसायटीचे. म्हणलं येतायत की. म्हणाले, "तसलं न्हाय. बँकेचं."

मग जे सांगितलं ते असं. पोरीनं मेस लावली नव्हती, रोज थाळीचे पैसे भरायची, ७० रुपये, एटीएम कार्डानं. खात्याला नंबर दादांचा. म्हणजे तिकडं तिनं थाळीचे पैसे भरले की इकडं दादांच्या पिशवीत टिंग वाजायचं. दुपारी साडेबारा-एकच्या दरम्यान. "त्यो वाजला की मी डबा सोडायचो," दादा म्हणाले. "आता धा-बारा दिवस झालं वाजतच न्हाय. फोन लावला की म्हणती जेवले. पण मेसेज न्हाय." हे त्यांनी रडव्या तोंडानं सांगितलं नाही हां, रिचार्ज संपलाय का असं विचारावं तसं सांगितलं, मोबाईल उलटा करून मागचं कव्हर काढत.

मी मेसेज वर सरकवत गेले. ऑगस्टमध्ये एक सापडला. बँकेचा, इंग्रजीत, रिचार्जच्या दोन जाहिरातींच्या मध्ये. खातेदार अमुक तारखेला १८ वर्षं पूर्ण करतेय, त्याआधी शाखेत येऊन नवीन सही आणि केवायसी करा, नाहीतर व्यवहार थांबतील. दादांनी तो उघडलाच नव्हता. उघडून तरी काय, इंग्रजीत.

तिचा वाढदिवस ४ ऑक्टोबर. व्हिडिओ कॉलवर आज्जीनं ओवाळलं, केक कापला, झालं. आणि दोन दिवसांनी तिचं खातं बंद. शाळेत असताना काढलेलं खातं ते, पोर अठराच्या आतलं म्हणून पालनकर्ता आई. असलं खातं पोर सज्ञान झालं की तसंच पुढं चालत नाही, नवीन सही, नवीन केवायसी लागतं, हा सगळीकडचाच नियम आहे. दहा वर्षांवरच्या पोराला स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये ते परत स्पष्ट केलं, कुठवर मोकळीक द्यायची ते बँक ठरवते, पण ते पण अठराला केवायसीत अडतंच. हे मला माहीत होतं. गेल्या अकरा वर्षांत एकाही पालकाला मी जूनमध्ये हे विचारलं नव्हतं की पोर अठराचं कधी होतंय आणि तेव्हा ते कुठं असेल. बहुतेक सगळीच पहिल्या वर्षाला असतानाच अठराची होतात, हिशोब इतका सरळ आहे.

मी म्हणलं, "दादा, फोन चांगला आहे. खात्याचा नंबर बदललेला दिसतोय."

"कुणी?"

मी काही बोलले नाही. त्यांनी मोबाईल परत पिशवीत घातला, रबर लावलं. "बरं," म्हणाले. दारापर्यंत जाऊन मागं वळले, "सांगायला काय झालं हुतं पण तिला?"

तिची बाजू

दिवाळीत ती आली दुकानात, फराळाचा डबा घेऊन, तेव्हा तिची बाजू कळली. खातं बंद पडलं तेव्हा खिशात चाळीस रुपये. मैत्रिणीकडनं पाचशे घेतले. बँकेच्या पुण्यातल्या शाखेत गेली, तिथं बोट लावून केवायसी करायला गेले तर ठसा जुळेना. जुळणार कसा, ठसे पाचवीत असतानाचे. मग आधार केंद्र शोधलं, सकाळी सातला जाऊन टोकन घेतलं, सव्वाशे रुपये, तेही उसन्यातलेच. ठसे दिले, डोळे दिले. मग खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, तुमचा मोबाईल नंबर सांगा.

"काकू, मला नंबर बदलायचा असं काही डोक्यात नव्हतं," ती म्हणाली. "पण त्यांनी 'तुमचा' विचारला. मी माझा सांगितला." मग आठवड्याभरानं बँकेच्या फॉर्मवर पण तोच घातला. सही मात्र तीन-चार वेळा कागदावर गिरवून बघितली आधी, एक ठरवली, आता तीच करते. मला करून दाखवली, आडनाव नाही त्यात.

घरी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, "पप्पा काढणी टाकून आले असते." हे मात्र शंभर टक्के खरं. आले असते. मोटरसायकलवर आले असते खंबाटकी घाट ओलांडून, आणि बँकेत तिच्या पुढं उभे राहिले असते.

मग मी तिला ते थाळीच्या मेसेजचं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून ठरत नाही माझं. ती बराच वेळ चकलीचा तुकडा घेऊन बसली. "मला वाटलं पप्पा हिशोब बघतात," म्हणाली. म्हणून तर ती कधीकधी थाळीच्या जागी वडापाव खाऊन पैसे रोख द्यायची, पप्पांना जास्त खर्च दिसू नये म्हणून. म्हणजे बघा, इकडं दादा त्या दिवशी डबा न सोडता बसलेले असणार, पोरगी जेवली नाही म्हणून.

दोघांनी यावर एकमेकांशी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही, मी विचारलं पण नाही. दादा नंतर एकदा म्हणाले की दुपारी एकला ती ताटाचा फोटो टाकते, "रोज न्हाय, कवातरी."

आता दुकानात

यंदा मी स्टूल मागनं काढून काउंटरच्या पुढं ठेवलंय. ज्याचा फॉर्म तो स्टुलावर, आईबाप मागं उभे. सुरुवातीला लोकांना राग यायचा, एका मामांनी तर विचारलं फी कोण देणार मग, पोरगं का? अर्ज घ्यायच्या आधी जन्मतारीख बघते आणि विचारते अठरा कधी पूर्ण. जे जुलैच्या आत अठराचे होतायत त्यांना म्हणते बँकेचं काम इथंच उरकून जा, मूळ शाखा इथं आहे, ओळखीचा शिपाई आहे. जे नंतर होणार त्यांना म्हणते निदान ठसे आणि नंबर जायच्या आधी करून घ्या, आणि शाखेत विचारून ठेवा तिकडच्या शाखेत काय काय चालतं. डीबीटीचं, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा होतो ते, खातं कोणतं तेही बघून देते, कारण आधार एकाच वेळी चार खात्यांना लिंक असू शकतं पण सरकारी पैसा शेवटी ज्या खात्याला मॅप झालाय तिथंच जातो, आणि कितीतरी पोरांचा तो असल्याच शाळेतल्या खात्यात जाऊन अडकलेला असतो. पासवर्ड पोराच्याच हातानं टाईप करायला लावते. बापाच्या वहीत लिहायचा का नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि बापाला सांगते, ओटीपी तुमच्याकडं असला की तुम्हाला कळतं हे खरं, पण तुम्हाला जे कळतं ते पोराला कळत नाही. बँकेचा तो ऑगस्टचा मेसेज योग्य नंबरवर आला असता तर तिनं गणपतीतच काम उरकलं असतं. पटतं असं नाही सगळ्यांना. एक वहिनी म्हणाल्या, "नंबर देते ओ, पर तुमीच सांगा मग मी कशावर बघू पोरगं बरं हाय का?" मला उत्तर आलं नाही. फोन करा म्हणलं. "फोनवर सगळीच बरी असत्यात," म्हणाल्या.

परवा दादा आलेले, धाकट्याला घेऊन. त्याला पंधरा पूर्ण झाली, ठसे अपडेट करायचेत, पोस्टात जायच्या आधी फॉर्म भरून पाहिजे होता. पोराला स्टुलावर बसवलं. नाव, पत्ता, जन्मतारीख झाली. मी विचारलं, मोबाईल नंबर?

पोरगं बापाकडं बघायला लागलं. त्याच्याकडं मोबाईल नाही, दहावी झाल्याशिवाय मिळणार पण नाही. दादांनी खिशातनं पिशवी काढली, रबर सोडलं, मोबाईलकडं बघितलं आणि परत गुंडाळला.

"आईचा टाका," म्हणाले. "तिला बी कळूंदे जरा."

मी आईचा टाकला.